तांबट आत, नऊ पस्तीस

मी एक शेवगा. नोएडातल्या एका कोपऱ्यावरच्या घराच्या बागेत उभा आहे, आणि मी बोलतोय म्हणण्यापेक्षा कुरकुरतोय म्हणा. इतकी वर्षं गप्प राहिलो. पण यंदाही फाल्गुन लागला, माझ्या अंगावर पांढऱ्या फुलांचे झुबके आले आणि पुन्हा सगळं सुरू झालं. म्हटलं, आता कुणाला तरी सांगितलंच पाहिजे.

वसंत आला की लोक हरखून जातात. जाणार नाहीत तर काय, त्यांच्या अंगावर कुणी चढत नाही. माझ्याकडे नीट उजाडायच्या आत शिंजीर हजर. एवढासा जीव, पण तोरा असा की फुलं यानेच लावलीत. चोच खुपसतो, मध पितो, आणि दुसरा शिंजीर दिसला की भांडण माझ्या डोक्यावर. मग मधमाश्या. मग तो काळा जाडा भुंगा. बसताना हे फूल आपलं वजन पेलेल का, असा विचार त्याच्या मनाला कधी शिवत नाही. पोपट एक फूल खातात आणि दहा टाकतात. बुलबुल जोडीने येतात आणि जोडीनेच कालवा करतात. वर केसाळ सुरवंट. शेकड्यांनी खोडाला चिकटून बसतात, आणि त्यांना बघून माणसं नावं ठेवतात ती मला.

माझा जन्म बियेतून झालेला नाही. साताऱ्याकडच्या एका परसातल्या शेवग्याची मी फांदी. कृष्णाबाईंनी मला हातभर तोडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, पुण्याहून दिल्लीला येणाऱ्या गाडीत बर्थखाली ठेवून आणलं. ते चौऱ्याण्णव साल होतं. त्यांचे यजमान हिंमतराव सुभेदार अठ्ठ्याऐंशी सालीच पलटणीतून निवृत्त होऊन इथल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी इन्चार्ज झाले होते. सगळं आयुष्य कॅन्टोनमेंटच्या क्वार्टरांत गेलेलं. त्यामुळे लॉटरीत प्लॉट लागला तेव्हा त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि उरलेल्या जागेत बाग केली. तेव्हा समोर मोहरीचं शेत होतं. पुढे शेत गेलं, रस्ता आला, बँक आली, पिझ्झाचं दुकान आलं, आणि रात्रंदिवस काँक्रीट कालवणाऱ्या यंत्रांचा आवाज आला तो अजून गेलेला नाही.

मला पहिल्यांदा शेंगा लागल्या तेव्हा कृष्णाबाईंनी शेजारच्या पंजाबी बाईंकडे वाटीभर आमटी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या वाटी परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, ‘‘दाल तो बहुत अच्छी थी भाभीजी, पर उस में लकडी क्यों डाली?’’ तेव्हापासून परमुलखात आपली किंमत काय, ते मला कळून चुकलं आहे.

पण माझी खरी कुरकुर सुभेदारांबद्दल आहे.

गेटवर ते नऊ वर्षं रजिस्टर ठेवत. कोण आला, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, कामाचं स्वरूप. त्यांचा एक नियम होता. संध्याकाळी आत गेलेले आणि बाहेर आलेले जुळल्याशिवाय गार्ड बदलायचा नाही. एक माणूस जरी आत राहिला असेल तरी तो शोधायचा. पुढे नोकरी संपली, पण सवय सुटेना. रिकाम्या हाताने बागेत बसणं त्यांना शिक्षेसारखं वाटे. मग एक दिवस त्यांनी लाल कापडी बांधणीचं लांबलचक रजिस्टर आणलं, रेघा मारल्या, खुर्ची टाकली आणि माझ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद सुरू केली. ‘शिंजीर नर, आत सहा दहा, बाहेर सहा चौदा, काम मध.’ ‘पोपट चार, आत सात, बाहेर सात वीस, काम नासधूस.’ मधमाश्या मोजून होईनात म्हणून त्यांना टोळीचा एकच पास दिला होता.

संध्याकाळी साडेपाचला कृष्णाबाई चहा घेऊन समोर बसत आणि सुभेदार मिलान करत. मिलान हा त्यांचाच शब्द. आत किती, बाहेर किती, जुळलं की रजिस्टर बंद. ज्याच्या अंगावर हे सगळे येत-जात होते त्याला कुणी काही विचारलं नाही.

नव्याण्णवच्या हिवाळ्यापासून या नोंदींत काहीतरी बिघडायला लागलं. भुंग्याचा शिंजीर होऊ लागला, शिंजिराचा भुंगा. एका सकाळी तर वाऱ्याने एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी उडत आली आणि माझ्या मधल्या फांदीत अडकली. सुभेदारांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि लिहिलं, ‘बगळा, आत आठ वीस.’ बगळा दिवसभर हलेना. सुभेदार जेवायला उठेनात. शेवटी चारच्या सुमारास कृष्णाबाई दोरीवरचे कपडे काढायचं निमित्त करून काठी घेऊन आल्या, पिशवी ओढून पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, ‘‘गेला हो तुमचा बगळा.’’ सुभेदारांनी समाधानाने बाहेरची वेळ लिहिली आणि हात धुवायला गेले.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. सुभेदारांना दिसत नाही, आणि ते कृष्णाबाईंना माहीत आहे. सुभेदारांची मात्र समजूत होती की हे कुणालाच माहीत नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दुसरं काही नाही. लष्कराच्या इस्पितळात गेले असते तर चार दिवसांचं काम. पण गावातल्या कुठल्याशा शिबिरात त्यांच्या वडिलांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो डोळा कायमचा गेला होता. सुभेदारांनी ते लहानपणी पाहिलेलं. एकाहत्तरच्या लढाईत समोरून गोळ्या येत असताना पुढे गेलेला हा माणूस, पण डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की बागेला पाणी घालायला उठायचा. भर पावसातसुद्धा.

दुसरी भीती धीरजची. धीरज त्यांचा एकुलता एक मुलगा, गुडगावातल्या एका नव्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याने आणि त्याच्या बायकोने, अक्षताने, तिकडे अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. लिफ्ट, जनरेटर, खाली पोहण्याचा तलाव. त्याचं म्हणणं सरळ होतं, हे घर विका आणि आमच्याकडे या. तुम्हाला काही झालं तर मला इथे पोचायला दोन तास लागतात यार, असं तो आईला म्हणायचा. सुभेदारांचं उत्तर ठरलेलं असे, मला काय झालंय? काय झालंय ते धीरजला ज्या दिवशी कळलं असतं, त्या दिवशी हे घर गेलं असतं. घर गेलं म्हणजे मीही गेलो. कोपऱ्याचा प्लॉट, बिल्डर चार मजले चढवतो आणि झाडाच्या जागी गाड्या लावतो. म्हणून मला तोंड नाही याचं मी कधी कधी बरंच वाटून घेई.

धीरज आला की सुभेदार कृष्णाबाईंना रजिस्टर आणायला सांगत. बघ, शिंजीर नर की मादी तेसुद्धा लिहिलंय, डोळे नीट नसते तर लिहिलं असतं का? धीरज चार पानं उलटायचा आणि विषय बदलायचा.

आता हे रजिस्टर इतकं चोख कसं राहायचं ते ऐका. सकाळी कृष्णाबाई मटार सोलत किंवा मेथी निवडत नवऱ्याशेजारी बसत. मेथीवरची नजर न काढता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत, आला वाटतं काळा शिंजीर. सुभेदार म्हणत, हो, दिसला, आणि लिहून टाकत. पण लिहिलेलं कसं असे? ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, आकड्यांचं कडबोळं झालेलं. म्हणून बाईंनी तसंच लाल कापडी बांधणीचं दुसरं रजिस्टर आणून ठेवलं होतं. दुपारी सुभेदार घोरायला लागले की त्या दोन्ही वह्या घेऊन माझ्या सावलीत बसत आणि सगळ्या नोंदी सुभेदारांच्या पूर्वीच्या सुवाच्य अक्षराच्या वळणात उतरवून काढत. धीरजपुढे जायची ती ही दुसरी वही. सुभेदारांना तिचा पत्ताच नव्हता.

एकाने लपवायचं, आणि दुसरीने ते माहीत असल्याचं लपवायचं. सदतीस वर्षांचा संसार, आणि एक सरळ वाक्य बोलता येऊ नये? मला या दोघांचा इतका वैताग यायचा की कधी कधी नुसत्या त्या वैतागाने पानं गळायची.

दोन हजार एकच्या माघात तांबट आला. मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, चोचीभोवती राठ मिशा, आणि दिवसभर टुक टुक टुक टुक, भांडी ठोकायला बसल्यासारखं. माझं लाकूड मऊ असतं, हे या पक्ष्यांना कोण सांगतं देव जाणे. त्याने आणि त्याच्या मादीने दहा-बारा दिवस खपून माझ्या खालच्या जाड फांदीला, तिच्या पोटाकडच्या बाजूने, रुपयाएवढं गोल भोक पाडलं आणि आत राहायला गेले. मला दुखलं का, वगैरे चौकशी नाही.

कृष्णाबाईंनी मेथी निवडता निवडता हनुवटीने ते दाखवलं. म्हणाल्या, तांबटाने घर केलं बघा तिथे. सुभेदारांनी मान वर केली, ती भलत्याच, वरच्या फांदीकडे. आणि म्हणाले, ‘‘हो, दिसलं.’’ बाईंना वाटलं, भोक ठळक आहे, खरंच दिसलं असेल. पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे घडलं.

चैत्रातला रविवार होता. धीरज संध्याकाळी एका प्रॉपर्टी डीलरला घेऊन येणार होता. नुसतं बघायला, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. त्याच दिवशी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात विजयाताईंकडे चैत्राचं हळदीकुंकू. विजयाताईंचे यजमान कुठल्याशा मंत्रालयात होते, आणि त्यांच्याकडे दरवर्षी कैरीची डाळ कृष्णाबाईंच्याच हातची लागायची. त्यामुळे बाई सकाळी साडेआठलाच बसने निघाल्या. जाताना म्हणाल्या, आज रजिस्टर राहू द्या, आराम करा. त्या असं का म्हणाल्या ते मला कळलं.

पण घर बघायला कुणी येणार म्हणजे सुभेदारांच्या लेखी इन्स्पेक्शन. आणि इन्स्पेक्शन म्हणजे गेरू आणि चुना. पलटणीत मोठा साहेब येणार म्हटलं की जे जे जागचं हलत नाही त्याला रंग लागतो. झाडांची खोडं खालून गेरूने तांबडी करायची, वर चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा. आणि रंग लावायच्या आधी खोडातल्या खाचा, भोकं माती, शेण आणि मूठभर सिमेंट कालवून बुजवायची, म्हणजे कीड शिरत नाही. पंचवीस वर्षं त्यांनी जवानांकडून हे करून घेतलं होतं. आज ते स्वतः करणार होते. डीलरला सुभेदाराचं घर कसं असतं ते कळलं पाहिजे, आणि धीरजला बाप कसा धडधाकट आहे ते.

नऊ पस्तीसला मादी चोचीत फळ घेऊन माझ्या अंगात शिरली. आत तीन पिल्लं होती. सुभेदारांनी पंखांची फरफर ऐकली, पिल्लांची चिवचिव ऐकली आणि कान तल्लख असल्यामुळे, घड्याळ नेहमीसारखं डोळ्याला भिडवून, अगदी बरोबर लिहिलं, ‘तांबट, आत नऊ पस्तीस.’ मग वही खुर्चीवर ठेवली आणि घडीची शिडी माझ्या खोडाला लावली.

माणूस जवळ आला की ही जात उडून जात नाही, आत दबून बसते. मादी पिल्लांवर बसून राहिली. पिल्लंही गप्प झाली. सुभेदार तळव्याने फांदी चाचपत चाचपत आले आणि बोटांना भोकाची कड लागली. तांबटाचं घर वरच्या फांदीला आहे, अशी त्यांची पक्की समजूत. ‘‘कीड,’’ ते पुटपुटले. मी पानं सळसळवली. दोन सुक्या शेंगा त्यांच्या टाळूवर टाकल्या. त्यांनी शेंगा झटकल्या, कालवलेल्या मातीचा गोळा भोकावर दाबून बसवला, अंगठ्याने गुळगुळीत केला आणि वरून चुन्याचा हात दिला. काम सुरेख झालं, हे मलाही कबूल करावं लागेल.

थोड्या वेळाने आतून टकटक सुरू झाली. सुभेदार हात धुऊन खाली सावलीत बसले होते. टकटक ऐकून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी वही घेतली आणि लिहिलं, ‘तांबट, काम चालू.’

मी तुम्हाला काय सांगू. इतका छळ मला सुरवंटांनीसुद्धा केला नाही. ती आतून जिवाच्या आकांताने ठोकतेय आणि खाली हे काम चालू लिहून चहा पितायत! फांदीच्या मागच्या अंगाला सालीला एक जुनी भेग होती, तिच्यातून थोडी हवा आत जात होती, तेवढाच माझा उपयोग. बाराच्या सुमारास नर पिंपळाचं फळ घेऊन आला. दाराच्या जागी पांढरा पट्टा. तो तारेवर जाऊन बसला, पुन्हा आला, पुन्हा गेला. दुपारी आतली टकटक मंदावली, आणि सुभेदारांनी दोन वाजताही काम चालूच लिहिलं. आपण झाड आहोत याचा मला त्या दुपारी जेवढा राग आला, तेवढा कधीच आला नव्हता.

पाच वाजता कृष्णाबाई परतल्या, एका हातात ओटीचे भिजवलेले हरभरे, दुसऱ्या हातात डाळीचा डबा. मागोमाग धीरज, अक्षता आणि तो डीलर. डीलरने फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पावलांनी प्लॉट मोजला आणि म्हणाला, ‘‘कॉर्नर है अंकलजी, चार फ्लोर आराम से निकलेंगे. बस ये पेड हटाना पडेगा.’’ सुभेदार ताठ उभे राहून अच्छा, अच्छा म्हणत होते. मग धीरजकडे वळून त्यांनी सांगितलं की घाई कशाला, आज सगळी बाग मी एकट्याने रंगवली. धीरजने बाग पाहिली आणि तोही जरा वरमला. अक्षता म्हणाली, बाबांनी खरंच मस्त केलंय. मला वाटतं, त्या घटकेला घर जवळजवळ वाचलं होतं.

तेवढ्यात साडेपाच वाजले, आणि सुभेदारांना सगळ्यांसमोर मिलान करायची हुक्की आली. चष्मा आत राहिला म्हणून त्यांनी वही कृष्णाबाईंच्या हातात दिली. नव्या पाहुण्यासमोर नाही कसं म्हणणार? बाई वाचू लागल्या. शिंजीर आत, शिंजीर बाहेर. बुलबुल दोन आत, दोन बाहेर. पोपट आत, पोपट बाहेर. मग त्या थांबल्या.

‘‘तांबट, आत नऊ पस्तीस.’’

‘‘बाहेर?’’ सुभेदारांनी विचारलं.

‘‘बाहेर लिहिलेलं नाही. पुढे नुसतं काम चालू.’’

त्यांनी वर पाहिलं. तारेवर नर बसला होता, चोचीतलं फळ तसंच. तो उडून माझ्या फांदीपाशी आला, पांढऱ्या पट्ट्याला पंजे लावून क्षणभर लोंबकळला आणि परत गेला. बाईंनी डबा खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला दिसत होता. काय झालंय ते त्यांना कळलं होतं, आणि आता तोंड उघडलं तर इतके दिवस सांभाळलेलं सगळं धीरजसमोर उघडं पडणार हेही कळलं होतं. त्या नवऱ्याच्या जवळ गेल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही तिचं दार लिंपलंत.’’

‘‘दार वरच्या फांदीला आहे.’’

‘‘नाही. मी दाखवलं होतं ते हेच.’’

धीरज विचारत होता, काय झालं? आता सोपी वाट होती. काही नाही म्हणायचं, चहा मागवायचा आणि पाहुणे गेल्यावर काय ते बघायचं. घर वाचलं असतं, मीही वाचलो असतो. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण सुभेदारांनी बायकोच्या हातातल्या वहीवर पंजा ठेवला आणि ते ताठ झाले. आत गेलेला जीव बाहेर आला नव्हता.

‘‘धीरज,’’ ते म्हणाले, ‘‘मला दिसत नाही. शिडीवर तू चढ.’’

‘‘दिसत नाही म्हणजे?’’

‘‘म्हणजे दिसत नाही. तू कुठे उभा आहेस ते आवाजावरून कळतंय मला. बाकीचं नंतर बोल. आधी चढ.’’

त्या आवाजावर आख्खी तुकडी शिडी चढली असती. धीरज ऑफिसच्या बुटांनिशी चढला. अक्षताने शिडी धरली. कृष्णाबाई ओला फडका आणि चमचा घेऊन आल्या. सुभेदार खालून सांगत होते, कडेने आधी भिजव, चमच्याच्या दांड्याने बाहेर ओढ, आत ढकलू नकोस, आत पिल्लं आहेत. माती सुटली. सिमेंटचा पापुद्रा सुटायला वेळ लागला. अखेर भोक मोकळं झालं, आणि आतून काहीच आलं नाही.

डीलरनेसुद्धा मोबाइल खिशात घातला. ‘‘आली?’’ सुभेदारांनी विचारलं. मला ती आत जाणवत होती, पण अगदी निपचित. धीरज नीट बघायला तोंड जवळ नेतो न नेतो तोच ती सुटली, त्याच्या नाकावर चोच हाणून, सरळ समोरच्या कडुनिंबावर. मग पिल्लांनी आतून एकच ओरडा केला.

‘‘आली,’’ कृष्णाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

‘‘लिही,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘बाहेर, सहा बारा.’’

बाईंनी सगळ्यांसमोर, रडत रडत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं. नर फळ घेऊन आत शिरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

धीरज खाली उतरला. नाकावर रक्ताचा ठिपका. त्याने वही घेतली, पानं उलटली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण आजवर बघत आलो ती वही ही नव्हे. कृष्णाबाई आत गेल्या आणि दुसरी घेऊन आल्या. सुभेदारांना कळेना, दुसरी कसली? धीरजने सांगितलं, बाबा, हिच्यात सगळं तुम्ही लिहिलेलंच आहे, पण आईने तुमच्या अक्षरासारखं उतरवलेलं.

सुभेदार खुर्ची चाचपून बसले आणि बायकोकडे वळले. ‘‘तुला केव्हापासून माहीत?’’

‘‘बगळ्याच्या आधीपासून.’’

‘‘तो बगळा नव्हता?’’

‘‘पिशवी होती,’’ कृष्णाबाई म्हणाल्या.

अक्षताला हसू आलं आणि तिने ते चटकन आवरलं. धीरज मात्र चिडला, आणि मनापासून चिडला. डीलरला वाटेला लावून तो परत आला आणि म्हणाला, इतके दिवस तुम्ही दोघं मला वेड्यात काढत होता, मी काय परका आहे? सुभेदार म्हणाले, तू घर विकलं असतंस. त्यावर त्याने नाकावरचं रक्त पुसलं. मग म्हणाला, ‘‘मला घर विकायची हौस नाही, बाबा. तुम्ही इथे पडाल-बिडाल आणि मला कुणी कळवणारही नाही, याची भीती वाटते, बस.’’ म्हणजे बापाला मुलाची भीती, मुलाला बापाची काळजी, आई दोघांच्या मध्ये वह्या उतरवतेय, आणि तिघंही दर रविवारी समोरासमोर बसून चहा पितायत. माणसांचा मला वैताग येतो तो उगाच नाही.

वैशाखात सुभेदारांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आदल्या दिवशी त्यांनी मला तीन वेळा पाणी घातलं. चौथ्यांदा कृष्णाबाईंनी हातातून नळी काढून घेतली आणि म्हणाल्या, मी दाराशी बसणार आहे, कुठे जात नाही. पाऊस संपल्यावर डावा डोळा झाला. दोन्ही छान झाले. घराचा विषय अजून निघतो. फरक एवढाच की आता सुभेदार धीरजकडे नीट बघून नाही म्हणतात, आणि धीरजही वाद घालायच्या आधी हसतो. उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही. शेजारची दोन्ही घरं चार चार मजल्यांची झाली आहेत आणि माझ्यावरचं ऊन सकाळी दोन तासांवर आलं आहे.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या वेळचं सांगतो आणि थांबतो. काळा चष्मा लावून सुभेदार बागेत आले. मला वाटलं, आता फुलं बघतील, दोन चांगले शब्द बोलतील. किती वेळ तरी त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

‘‘हा एवढा वाकडा कधी झाला?’’

कृष्णाबाई कपडे वाळत घालत होत्या. ‘‘मागच्या जूनच्या आंधीत कलला.’’

‘‘मला सांगितलं नाहीस.’’

‘‘तुम्ही तोडला असता.’’

सुभेदारांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. वाकडं काहीही त्यांना खपत नाही, माणूस असो की पायजम्याची इस्त्री. माझ्या अंगातला रस गोठायची वेळ आली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लोखंडी पाइप आणला, खड्डा खणला आणि तांबटाच्या फांदीखाली मला भक्कम टेकू दिला.

तेव्हापासून मी त्या टेकूवर उभा आहे. पाइप कमरेत रुततो. यंदा तांबटाची जोडी परत आली आहे, पहाटेपासून टुक टुक चालू आहे, आणि भुंगा तर आत्ता बोलता बोलता दोन फुलं मोडून गेला. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे की तुमच्या दारातल्या झाडाला गेरू फासायच्या आधी एकदा वर बघा. आणि घरातलं कुणी मान हलवून दिसलं म्हणत असेल, तर काय दिसलं, ते जरा जवळ बसून विचारा.

माझं मात्र नुकसान झालं ते झालंच. आता सुभेदार रोज सकाळी खुर्ची टाकून बसतात आणि मला माझा डिंक दाखवतात, सुरवंट दाखवतात, कुठली फांदी कुठे चुकली ते कृष्णाबाईंना बोट करून सांगतात. या जगात मला सरळ समजणारा एकच माणूस होता. त्याचेही डोळे बरे झाले.